कधीपासून

डॉक्टर लेनमध्ये स्कूटी लावते तेव्हा
वॉचमन विचारतो, पेशंट का एमआर?
मी म्हणते, विमा.
तो गेटातून बाजूला होतो,
पोलिसासाठी होतात तसा.

होमिओपॅथीची साडेपाच वर्षं.
शिकवलं होतं, आधी ऐकायचं.
ऊन सोसतं का, झोप कुठल्या कुशीवर,
तहान किती, रडू येतं ते एकट्यात की माणसांत.
आणि सगळ्यांच्या आधी, कधीपासून?

तोच एक प्रश्न आता पोटाला.
एका केसचे सहाशे.
नांदेडच्या बाहेर गेलं तर पेट्रोल वेगळं.

मागच्या महिन्यात एका दवाखान्यात आठ डेंग्यू,
आठांच्याही प्लेटलेट बेचाळीस हजार.
गाद्यांवर चादरी नाहीत, सलाईनच्या बाटलीवर धूळ,
एक पेशंट तर खाली टपरीवर कट चहा पीत उभा.
त्या दिवशी मी खुशीत होते, खोटं कशाला सांगू.
पुण्याहून सरांची शाबासकी, ग्रुपवर अंगठेच अंगठे.
येताना घरी जिलबी नेली पाव किलो.

पण लोह्याचा पिराजी टोकलवाड.
वेल्डिंगचं दुकान, छातीत दोन स्टेंट,
पॉलिसी चौदा महिन्यांची, हप्ता एकही चुकलेला नाही.
बायको गोजरबाई वॉर्डाबाहेर फरशीवर डबा सोडून बसलेली.
अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवत म्हणाली,
"खावा की, उन्हाचं फिरायलाव."
मी खाल्ली. ठेचा होता.
मग विचारलं, त्रास कधीपासून?
मऊ आवाजात.
तो आवाज कॉलेजातला आहे, कंपनीनं दिलेला नाही.

"दोन साल झाले की. छातीत जळजळ करायली त्यायला.
सोडा पिला की उतरायची."

मी लिहिलं. तिच्याच शब्दांत, सोड्यासकट.
तिनं सही केली, एकेक अक्षर जोडत,
'टोकल'पाशी थांबली, 'वाड' खालच्या ओळीत गेलं.
मग लुगडं जरा वर घेऊन गुडघा दाखवला,
"डॉक्टर हाव ना तुमी? बगा की."
मी बघितला. तेल लावायला सांगितलं.

पत्र मी लिहीत नाही.
पत्र लिहिणारे कुठल्याशा शहरात अकराव्या मजल्यावर बसतात,
कळविण्यास खेद होतो, असं त्यांच्याकडे छापलेलंच असतं.
खाली 'पूर्वीपासूनचा आजार',
आणि गोजरबाईचं वाक्य, अवतरणचिन्हांत.
त्यातला सोडा तेवढा काढलेला.

महिनाअखेरी फोन येतो,
डॉक्टर, किती वाचवले?
मी लाखात सांगते.

गोजरबाईचाही आला होता. भांडायला नाही.
"मॅडम, पत्रात काय लिव्हलंय ते जरा सांगताव का?
पोरगं म्हणायलंय, तूच काईतरी बोललीस म्हणून."
मी म्हणाले, आवाज येत नाहीये, नेटवर्क नाही.
लोह्यात होतं.
नांदेडातही होतं, सगळ्या कांड्या भरलेल्या.

काल संध्याकाळी आई भांडी घासता घासता थांबली,
डावा हात उजव्या हातात धरून.
कधी, एवढंच माझ्या तोंडात आलं.
कंपनीच्या पॉलिसीत तिचं नाव टाकून सातच महिने झालेत.
मी आधी नळ बंद केला.
म्हटलं, आई, दवाखान्यात कोणी विचारायला आलं ना,
बाई असेल, गोड बोलेल,
तर सांग, आजच. आज सकाळपासूनच.

आई म्हणाली, अगं, डॉक्टरला खोटं सांगितल्यावर
औषध कसं लागू पडंल?

हात तसाच धरलेला, साबणाचा,
कोपरापर्यंत फेस.