निशाणी पाच

मेहेर सिग्नलचा झेरॉक्सवाला म्हणाला, वर 'मेहेरबान' लिहा.
'माननीय' चालतं, पण हे कोर्टाच्या कानाला सवयीचं.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
अर्जदार : सोपान निवृत्ती गांगुर्डे, वय ३६, धंदा नोकरी,
राहणार चुंचाळे, अंबड.
धंदा नोकरी. अकरा वर्षं लेथवर काढली,
पण दोन्ही शब्द एका रेघेत बसतात हे ठाऊक नव्हतं.

वकीलसाहेब पंचवीस हजार म्हणाले, निम्मे आधी.
माणूस चांगला, चहा पाजला.
मोफत वकिलाच्या खिडकीवर मॅडमनी
माझ्या पगाराच्या पावत्या दोनदा मोजल्या.
दिवाळीच्या ओव्हरटाइमनं मी मर्यादा ओलांडली होती,
अकराशे रुपयांनी.
"एवढ्याशानं राहिलं हो," त्या म्हणाल्या. त्यांनाच वाईट वाटलं.

मग रात्रपाळीहून येऊन मीच बसलो लिहायला.
ड्रॉइंग वाचतो मी, केसाच्या जाडीएवढं माप धरतो,
अर्ज काय, तोही एक जॉबच.
पण 'ताबा'वर पेन अडलं.
ताबा प्लॉटचा असतो, सिडकोच्या घराचा असतो.
पेपरात असतं : चालकाचा ताबा सुटला, गाडी दुभाजकावर.
मी लिहिलं, मुलगी माझ्याकडे राहावी.
झेरॉक्सवाल्यानं ते खोडून 'ताबा' केलं,
आणि 'मुलगी'च्या आधी 'अज्ञान' घातलं.
कायद्यात अठरापर्यंत अज्ञानच, म्हणाला.

अज्ञान तनिष्का, वय सात.
जिला माहीत होतं की गेल्या जूनपासून
आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही,
'पप्पांना सांग', 'आईला विचार' एवढंच.
सिन्नरला आजोळी जाताना जी आपलं दप्तर स्वतः भरून
एक सँडल मुद्दाम विसरली.

तिच्या आईबद्दल वाईट लिहा, तिघांनी सांगितलं.
नाही लिहिलं.
दोनदा नोकरी मी सोडली. एकदा खोटं बोललो, पैशाचं.
ते कुठल्या परिच्छेदात घालायचं, कुणी सांगितलं नाही.

पुकारा झाला.
"अर्जदारांचे वकील?"
शेजारच्या बाईंनी कोपरानं ढोसलं, तसा उठलो.
"जातीने हजर," कारकूनच बोलला माझ्या वतीनं,
आणि क्षणभर कान तापले,
शाळेत दाखल्याच्या रांगेत तापायचे तसे.
मग कळलं, म्हणजे स्वतः.
होतो की. स्वतःच होतो.
न्यायाधीशबाईंनी विचारलं, रात्रपाळी असली की मुलगी कुणाकडे?
आत्याकडे, भिंतीला भिंत लागून.
वेणी येते घालता?
काळे कोट हसले नाहीत, खुर्च्या तेवढ्या वाजल्या.
येते, म्हटलं.
कशी, ते नाही सांगितलं :
मशीन पुसायच्या कॉटन वेस्टचे दोरे व्हाइसमध्ये आवळून
जेवणाच्या सुट्टीत तीन पेड, चुकले की सोडून पुन्हा.
फोरमन बघून गेला, काही बोलला नाही.

निशाणी पाचवर आदेश झाला :
शनिवारी एक तास, भेटीच्या खोलीत.
निशाणी म्हणजे नुसता कागदाचा नंबर, हेही तिथंच कळलं.

खोलीत चाक निखळलेला ट्रक, भिंतीवर ससा.
तनिष्का पाठ करून बसली, रबर माझ्या हातात दिलं.
"आई घट्ट घालते. तू पण घट्ट घाल."
घातली. तास संपत आला.
"माझी सँडल?"
आहे, म्हटलं. दाराशीच आहे.
"लहान झाली असेल."

बाहेर बाकावर तिची आई.
तिनं वेणीवरून हात फिरवला,
एक पेड सैल होता, तो बोटानं आत दाबला.
सोडली नाही.
दोघी सीबीएसकडे निघाल्या,
गर्दीत वेणी बराच वेळ ओळखू येत होती.

पुढची तारीख एकोणीस.
तीन प्रती लागतील. झेरॉक्सवाला रविवारी बंद असतो.