जुळारी सांगतो

एकोणतीस वर्षं मी विदरबींची वाक्यं
आधी उलटी वाचली, मग सुलटी.
शिशातली अक्षरं पाय वर करूनच बोलतात.
त्यांचं हस्ताक्षर छापखान्यात
माझ्याशिवाय कुणाला लागत नसे.

गुरुवारी रात्री कवितांचं बाड यायचं.
त्यांनी खोडलेले स्वल्पविराम
मी परत खणात टाकायचो, टपकन.
एका विधवेनं नवऱ्याच्या साठ कविता पाठवल्या,
त्यांनी अकरा ठेवल्या,
आणि त्या अकरांमुळेच लोक त्याला आता कवी म्हणतात.
हेही सांगायला हवं.

एक्काहत्तर सालच्या मे महिन्यात
जेबझ मॉटचं चित्र लागलं:
ओहोटीची टेम्स, चिखल, दोन दिवे.
विदरबींनी लिहिलं, ‘चित्रकाराने प्रथम डोळे पुसावेत.’
चारच शब्द. मी जुळवले.
हसलोही, कबूल करतो.
लंडन आठवडाभर हसलं.
मॉट मग डेप्टफर्डला दुकानांच्या पाट्या रंगवू लागला.

पुढे विदरबींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.
प्रुफं बहीण वाचायची, डॉर्कस;
ते नुसतं म्हणायचे, ‘इथे श्वास घे,’
आणि ती स्वल्पविराम द्यायची.

नोव्हेंबरात एकदा हात धरून
मी त्यांना पुलावर नेलं.
कठड्याला रेलून ते बराच वेळ उभे.
‘दिवे किती आहेत?’
‘सात.’
‘मला दोन दिसतात. मोठे. कडा नसलेले.’

चित्र सापडलं एका चौकटवाल्याकडे.
त्याच्यावर कुणा उमरावानं
आपला कुत्रा रंगवून घेतला होता.
विदरबींनी हातमोजा काढला,
कुत्र्याच्या कानाखाली बोट फिरवलं,
जिथे जुना रंग अजून उंच होता.
‘चिखल,’ म्हणाले,
एखाद्याचं नाव घ्यावं तसं.

दुसऱ्या दिवशी चार ओळी सांगितल्या.
मालकांनी त्या शेवटच्या पानावर लावल्या,
पित्ताच्या गोळ्यांच्या जाहिरातीखाली.
जागा पुरेना, म्हणून मी
सगळ्यांत बारीक खिळे काढले.

रविवारी एक प्रत घेऊन डेप्टफर्डला गेलो.
मॉट शिडीवर होता, खाटकाच्या पाटीशी.
त्यानं कागद नाकाला लावला, लांब धरला,
परत दिला.
‘नुसते डाग दिसतात. तूच वाच.’

मी वाचलं.
तो ऐकत होता की नाही कोण जाणे,
ब्रश काही थांबला नाही.