दीड टन

सोलकरांच्या दुकानात पहिला प्रश्न : कुठली भिंत?
पश्चिमेची, मी म्हटलं. मांडवीत, तिसरा मजला.
इम्तियाजभाईंनी बिलाच्या पाठीवर चौकोन काढला,
चौकोनाच्या डावीकडे समुद्र,
आणि समुद्र पेनाने तीनदा गिरवला.
"तुमचा एसी हा खाणार. ऊन नव्हे. हा."

खालच्या कीरांचा बाहेरचा डबा मी पाहिलाय.
दोन वर्षांत त्याच्या जाळीची झाली भाजलेल्या पापडासारखी गत,
बोट लावलं तर बोटाला येते.
शाळेत शिकवलं होतं : दिवसा खारे वारे, रात्री मतलई.
पाच मार्कांचा प्रश्न. आकृतीसह.
वारा पैसे मागतो, हे आकृतीत नव्हतं.

तर तांब्याची कॉइल, वर निळा लेप, दर पावसाळ्यानंतर धुणं.
तेवढं ठरलं.
मग एक टन की दीड?
हर्षद म्हणे, एक. बिल त्याच्या नावावर येतं.
मी म्हटलं, दीड. ओटा माझ्या नावावर आहे,
आणि ओट्याचीच भिंत झोपायच्या खोलीला आहे.

"टन म्हणजे वजन नाही हां, मॅडम,"
इम्तियाजभाई सांगू लागले,
"टनभर बर्फ दिवसभरात वितळताना
जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढी हा ओढतो."

प्लास्टिकच्या खुर्चीतून भाऊ पहिल्यांदाच बोलले.
माझे सासरे, भिकाजी नागवेकर,
मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात एकतीस वर्षं.
"पन्नास किलोची लादी," ते म्हणाले,
"टनाला वीस. दीडाला तीस."
थोडं थांबून :
"रोज तीस लाद्या तिसऱ्या माळ्यावर. आनि वढनार कोन?"

सगळे हसले. मीही.
मग मला त्यांची बोटं दिसली,
उजव्या हाताची, आकडा धरायची,
मे महिन्यात, पंख्याखाली, टोकांना पांढरी.

जानेवारीत एकदा पहाटे बाथरूमचा दिवा चालू होता.
बाहेर अठरा अंश, कोणी स्वेटरही काढत नाही त्याला आमच्याकडे.
भाऊ कानटोपी घालून उभे होते
गीझरच्या पाइपाला दोन्ही हातांनी धरून,
एसटीतला दांडा धरावा तसे.
आंघोळ करणार का, मी विचारलं.
नाही म्हणाले. नुसता उभा हाय.
हे मी हर्षदला सांगितलं नव्हतं. का, माहीत नाही.

"गरम पण करतो असा असतो ना?" मी दुकानात विचारलं.
हर्षदने माझ्याकडे पाहिलं.
इम्तियाजभाईंनी पेन खाली ठेवलं.
"असतो. साडेनऊ हजार जास्त.
पण रत्नागिरीत? लोक हसतील, ताई."
मॅडमची ताई झाले, तेव्हाच कळलं,
घासाघीस संपली.

एकच घेतला. गरम-थंड, एक टनाचा,
भाऊंच्या खोलीत.
आमच्या खोलीत खिडकी, आणि रात्री
मतलई वारा, आला तर.
हर्षद दोन दिवस फक्त कामापुरतं बोलला.
तिसऱ्या रात्री घामेजलेल्या पाठीने म्हणाला,
"मला सांगायचं होतंस, पाइपाचं."

भाऊ रिमोटला हात लावत नाहीत.
मे आहे, मीच अठ्ठावीसवर ठेवते,
अंगावर चादर असते त्यांच्या, पायावर दुसरी.
सूर्याचं चित्र असलेलं बटण मी दाखवून ठेवलंय.
"थंडीत," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली, जशी माझ्या सगळ्याच बोलण्यावर हलवतात.

काल गॅलरीत गेले तर खाली वाकून बसलेले,
निथळत्या नळीखाली बादली,
बादलीत तळापुरतं पाणी.
कारखान्यात बाहेर मिठाचं पाणी, आत डब्यात गोडं,
खारं गोठत नाही, गोडं गोठतं,
हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात समजावलं होतं,
दुसरं काही बोलायला सुचलं नव्हतं म्हणून.

समोर समुद्र, ओहोटीचा, दुपारी पांढरा.
त्यांनी बोट बादलीत बुडवलं, जिभेला लावलं.
"गोडंच हाय," म्हणाले,
आणि तेच बोट पुन्हा बुडवलं.