फॉरवर्ड शून्य

पार्नुच्या प्लायवूड कारखान्यात
कुलपं मीच घालते.
लोखंडी नव्हेत. ती वाम्बोलाकडे,
त्याच्या किल्ल्यांचा जुडगा
तो दिसण्याआधी ऐकू येतो.
माझी कुलपं वाजत नाहीत.

मी एक खूण केली की
पत्रातलं 'फॉरवर्ड' राखाडी पडतं,
'प्रिंट' राखाडी पडतं,
पडद्याचा फोटो घ्यायला जावं
तर नुसता काळा चौकोन येतो.
सातव्या दिवशी पत्र आपलं आपण मरतं.

"लाव, आणि उघडूनही बघ,"
संचालिका मिल्वी म्हणाल्या,
तपासणीपुरतं यादीत माझं नाव घातलं.

उघडलं.
एप्रिलअखेर दुसरी पाळी बंद.
खाली तेहतीस नावं, आडनावांच्या क्रमाने.
चोविसावं: रॅत्सेप, वाम्बोला.

सवयीने सगळी बटणं दाबून पाहिली.
एक ओळ उचलायला गेले,
हाताला लागली नाही.
काम चोख झालं होतं.
फोन होता खिशात. त्याच्या कॅमेऱ्याला
माझं कुलूप लागत नाही, हे मलाच ठाऊक.
खिशातच राहू दिला.

पाळी दोनला, पण वाम्बोला बाराला येतो,
वाटाण्याच्या सूपासाठी.
समोर बसला, जुडगा टेबलावर,
राईचा पाव मोडून अर्धा माझ्यापुढे.
नातीला स्केट घ्यायचेत म्हणाला,
एक माप मोठेच घेतो,
दोन हिवाळे निघतील.

मी नुसतं "हो" म्हणायचं होतं.
मी मिठाची डबी त्याच्याकडे सरकवली.
त्याने मागितली नव्हती.

चमचा थांबला.
गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेल का
हे अजमावताना बघतो,
तसा तो माझ्याकडे बघत राहिला.
"कधी?"
मी ब्र काढला नाही.
"किती जण?"
सूपावर साय धरली.

उठताना त्याने जुडगा मुठीत आवळला.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
तो न वाजता गेला.

जेवणानंतर अहवाल भरला.
उघडलं: पाच जणांनी.
फॉरवर्ड: शून्य. प्रिंट: शून्य.
गळतीच्या चौकटीत काय लिहायचं
याला थोडा वेळ लागला.
षट्कर्णी झालं नाही, हे मी शपथेवर सांगेन,
कानांचा संबंधच आला नाही.
'नाही' लिहिलं.

दोनला फाटक उघडलं,
अगदी ठोक्याला.