अठ्ठावन्नच्या खालचे

एकोणीस वर्षं मी माती तपासली.
सावर्ड्याची प्रयोगशाळा, खिडकीला जाळी,
जाळीवर लाल पूड,
सकाळी पुसली तरी दुपारपर्यंत परत हजर.
नमुना दळायचा, चाळायचा, आम्लात विरघळवायचा,
मग थेंब थेंब सोडत
रंग फिरायची वाट पाहायची.
जांभळा झाला की हात आवरायचा.
फॉर्मवर लोहाचा आकडा, खाली माझी सही.
अठ्ठावन्नच्या वर, तर बार्जवर.
खाली, तर डोंगरामागे डंपात.

डंप मी कधी पाहिला नव्हता.

खाण बंद होती त्या वर्षी
कॅन्टीनमधल्या रुक्मा वेळीपची मुलगी घरी आली,
प्लास्टिकच्या पिशवीत बारावीचं गुणपत्रक.
‘सत्तावन्न पडलेत, मॅडम. कॉलेजात चालतं का?’
आकडा पाहिला आणि माझा हात
सवयीनं पेन शोधू लागला.

आता कुडचड्याला, सायकल-दुरुस्तीच्या वर, एक खोली.
तीन बाक. प्रिंटर फक्त निळं छापतो.
नेत्रावळीची पोरं पहिल्या कदंबाने येतात,
झोऱ्यांचा बाबलो पठार उतरून चालत,
पायजम्याला कुसळं,
हातात शिष्यवृत्तीच्या फॉर्मची घडी.
फॉर्ममध्ये विचारलंय : वडिलांचा व्यवसाय.
तो विचारतो, ‘शेरडं लिहू की बकऱ्या?’

शिवप्पा लमाणी मडगावच्या इस्पितळात जन्मला,
कुडचड्यातच वाढला, माझ्याहून खणखणीत कोंकणी बोलतो.
पण पंधरा वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा,
आणि घरमालक भाड्याची पावती देत नाही.
आम्ही लसीचं कार्ड शोधलं,
बालवाडीचा फोटो शोधला,
त्यात तो मागच्या रांगेत, डोळे मिटलेले.
मामलेदाराच्या कचेरीतला कारकून म्हणाला,
‘हा तोच कशावरून?’
चार फेऱ्या झाल्या. पाचवीला साहेब रजेवर.

सगळे पोचत नाहीत.
मिंगेलची फी भरली, पुस्तकं घेतली,
आणि ऑगस्टात तो बोटीवर भांडी घासायला गेला.
नाताळला त्याने चॉकलेटं पाठवली.
मी ती वाटली. एक ठेवलं. अजून खाल्लेलं नाही.

भाऊ म्हणतो, ‘पगार सोडून हे कित्याक गो?’
मी त्याला नीट उत्तर देऊ शकत नाही.
जुन्या मॅनेजरचा फोन आला होता :
खाण सुरू होतेय, मशीन नवं आहे,
थेंब मोजत बसायला नको.
आणि हो, तो जुना डंपही उचलणार,
आता त्यालाही गिऱ्हाईक आहे म्हणे.
मी हसले. त्याला वाटलं, मी येतेय.

काल रात्री दर्शिताचा फोन,
रुक्माची मुलगी, ताळगावच्या हॉस्टेलमधून.
मागे बादल्यांचा आवाज, कोणाचं तरी भांडण.
‘मॅडम, आज टायट्रेशनमध्ये रंग पुढे गेला.
एकच थेंब जास्त पडला.
सगळं वाया.’

‘वाया काय? फ्लास्क धू,
नमुना पुन्हा घे.’

ती गप्प.
मग अगदी हळू,
‘पुन्हा घेऊ देतात?’