पर्लचे गुडघे

अलामोसातल्या सुट्या भागांच्या दुकानात
डेल्फिना आर्चुलेटा काउंटरवर दोन डबे ठेवते.
एक साठ डॉलरचा, एक एकशे ऐंशीचा.
काय ओढणार, विचारते.
खेचर, मी म्हणते. एकच. वय एकोणीस. नाव पर्ल.
ती हसत नाही. वजन विचारते,
पर्लचं, ट्रेलरचं, गवताच्या गासड्यांचं
आणि पाण्याच्या टाकीचं,
जी भरलेली असेल हे मी धरलंच नव्हतं.

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, असं आपण म्हणतो.
इथे नळाच गाड्याच्या तोलाचा,
आणि उतार लागला की
यात्रा आपलीच असं त्याला वाटू लागतं.

स्वस्त डबा घड्याळावर चालतो, ती समजावते.
पाय दाबलास की तो मनात आकडे मोजतो,
मग नेमून दिलंय तेवढंच दाबतो,
समोर हरीण असो नाहीतर नुसता पिवळा दिवा.
मला आमच्या कराडच्या शाळेतले हेडक्लार्क आठवतात.
रजेचा अर्ज असो, मयताचा दाखला असो,
चष्मा पुसायचा, शिक्का हुंगायचा,
आणि त्याच जोराने हाणायचा.

दुसऱ्याला थबकणं कळतं.
गाडी जेवढी दचकली तेवढंच तो मागे कळवतो.
हळू तर हळू.
नवऱ्यासारखा? मी विचारते.
"माझ्या तरी नाही," डेल्फिना म्हणते
आणि साठवाला डबा खाली ठेवून देते.

लिलावात पर्ल मला नव्वदला पडली होती.
म्हणजे जनावराच्या दुप्पट त्याचा ब्रेक.
पण मागे तिला ना पट्टा, ना खिडकीतून दिसणारा रस्ता.
चार पायांवर उभं राहायचं, बस.
मी कशी गाडी चालवते
हे तिला गुडघ्यांतच कळणार,
आणि डावा पुढचा आधीच सुजलेला.

जत्रेच्या रिकाम्या मैदानात
पंचवीसच्या वेगाने मी खटका दाबून बघते.
सहावर चाकं किंचाळतात, रबराचा वास येतो.
पाचवर मान हलवत थांबतात.
साडेचारवर ट्रेलर असा थांबतो
की मागे काही होतं हेच विसरायला व्हावं.
हे रिकाम्याचं, डेल्फिना म्हणाली होती.
ती चढली की पुन्हा पहिल्यापासून.

आणखी एक सांगितलं होतं तिने:
शेपूट डोलायला लागलं तर पाय ब्रेकवर नेऊ नकोस.
खटका चिमटीत धर,
आधी मागच्याला थांबव.
छप्पन्न वर्षं मी उलटंच करत आले,
स्वतःच करकचून थांबायचं,
मग पाठीवर आदळतंय काय ते बघायचं.

शिवाय एक बारीक तार.
सगळं निसटलंच तर ती खुंटी उपटते
आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर,
माझ्याशिवाय,
जागच्या जागी थांबतो.
मी ती तीनदा ओढून पाहिली.
चौथ्यांदा का ओढली, माहीत नाही.

वुल्फ क्रीकचा घाट उतरताना
ट्रकांसाठी ठेवलेले खडीचे सुटकेचे रस्ते
उजवीकडून एकेक मागे गेले.
खालचा गिअर. पाय थोडा ठेवायचा, उचलायचा.
डॅशबोर्डखालच्या डब्यावर हिरवा आकडा
चढायचा, ओसरायचा,
कुणीतरी मागे बसून हं, हं म्हणावं तसा.

धबधब्यापाशी गाडी लावून दार उघडलं.
पर्ल गवत चघळत होती.
डावा गुडघा हाताला गार लागला.
तिने माझ्याकडे बघितलंही नाही.
ती एक पावती.

दुसरी ग्लव्ह बॉक्समध्ये आहे, एकशे ऐंशीची.
तिच्या पाठीवर डेल्फिनाचं ठसठशीत अक्षर:
वैजयंती, पाणी मोजलंस का?
नाव मात्र तिने दोनदा खोडलंय,
तिसऱ्यांदा बरोबर आलंय.