डाव्या हाताचा खेळ

सकाळी साडेआठला त्सिरिल डोळ्यांवर ती पेटी चढवतो.
चढवतो म्हणजे मी चढवते, तो मान तेवढी पुढे करतो,
पोळ्यांकडे जाताना जाळीची टोपी घालायचा तशी.
जाळी वर्षभर खुंटीला आहे.

आत काय चाललंय ते त्यालाच ठाऊक.
बाहेरून दिसतं ते एवढंच:
स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची,
उजवा हात मांडीला पट्ट्याने बांधलेला, लुडबुड करू नये म्हणून,
आणि डावा हवेत, अर्धवट,
उत्तर येतंय की नाही याची खात्री नसलेल्या पोरासारखा.

फुलपाखरं पकडायची असतात म्हणे.
चाळीस वर्षं मधमाश्या पाळलेल्या माणसाने फुलपाखरं!
"अशी उडत नाहीत ती," पहिल्याच दिवशी रागावला,
"यांना वारा माहीतच नाही."
दर गुरुवारी ल्युब्ल्यानाहून पडद्यावर येते ती नेझा
हसली. वारा पुढच्या पायरीला, म्हणाली.

हाताचं एक वेळ समजतं.
पण त्याची डावी बाजूच गेली आहे.
डोळे शाबूत, तरी ताटातलं उजवं अर्धं खातो
आणि वर मलाच विचारतो, आज कमी का वाढलंस?
दाढी अर्धी.
परसात चौदा पेट्या, प्रत्येकीवर त्याच्या काकाने रंगवलेली फळी,
डावीकडून दुसरीवर कोल्हा शिकाऱ्याची दाढी करतोय.
ती फळी आता नाहीच.
मी डावीकडे बसले की हाका मारतो,
"झोफ्का, कुठे उलथलीस?"
इथेच, रे.
डावलणं म्हणजे काय ते मला या वर्षी कळलं.

परवा रात्री झोप येईना.
दोन वाजता मी ती पेटी डोळ्यांना लावली.

कुरण. बरं होतं, जरा जास्तच हिरवं.
उजवीकडे रिकामं, लख्ख, झाडून घेतल्यासारखं.
आणि डावीकडे, अगदी कडेला,
आठवड्याभराची न पकडलेली फुलपाखरं
एकमेकांना चिकटून थांबलेली.
कुणाची तक्रार नाही, कुणी उडून गेलेलं नाही.

मला राहवलं नाही.
सगळी पकडली. एकेचाळीस.
त्याच्यासाठी म्हणून डाव्याच हाताने.

गुरुवारी नेझा पडद्यावर जवळजवळ उभीच राहिली.
"एकेचाळीस! डावीकडची! तेही रात्री दोनला!
त्सिरिल, हे कसं जमलं?"

मी शेगडीपाशी, डावीकडे, श्वास धरून.

त्याने उत्तर दिलं नाही.
त्याची मान हलली,
पावसाळ्यात फुगलेला खण ओढावा तशी,
अडकत,
टेबलाच्या कडेपर्यंत, मग ब्रेडच्या डब्यापर्यंत,
मग डब्याच्याही पलीकडे,
जिथे वर्षभर काहीच नव्हतं तिथे,
आणि थेट माझ्यावर येऊन थांबली.

"चोर," तो म्हणाला.

मी दोन्ही हात वर केले.